पाना कुणाच्या हातात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक होत असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता. १२ ते १६ वयाची पंचवीसेक मुलं घेऊन इलेक्ट्रिक कार्ट (एका माणसाची छोटी, बुटकी शर्यतीची गाडी) बांधायची, शर्यतीत उतरवायची आणि त्यातून काहींना तरी इंजिनिअर व्हावंसं वाटावं, असा तुमचा विचार आहे. तयार किट घ्यावं की सगळं स्वतः बांधावं, मोटर केवढी असावी आणि बॅटरी लेड-ॲसिडची घ्यावी की लिथियमची, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय: गेल्या वर्षी रोबोटचा उपक्रम केला तेव्हा शेवटी तीनच मुलं काम करत होती, बाकीची नुसती उभी होती.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. ती तीन मुलं कार्ट नसती तरी याच वाटेनं गेली असती. बंद पडलेला पंखा दिसला की उघडून बघणारी मुलं ती. प्रश्न उरलेल्या बावीस जणांचा आहे. ‘हे आपलं काम नाही’ असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं, आणि तसं ठरवायला त्यांना कुणी भागही पाडलेलं नसतं. नुसतं उभं राहू दिलेलं असतं, तेवढं पुरतं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे आणि गेली चौदा वर्षं शाळकरी मुलांच्या कार्ट संघांबरोबर काम करतोय. पुढे जे लिहितोय ते त्या अनुभवातून. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील हे मान्य करूनच लिहितो. आठवड्याला किती वेळ मिळतो, बरोबर आणखी एखादा मोठा माणूस आहे का, काम अर्धवट ठेवून कुलूप लावता येईल अशी खोली आहे का, आणि शर्यत कोणत्या नियमांची आहे. यातली खोलीची गोष्ट बहुतेक जण विसरतात. दर वेळी सगळं आवरून कपाटात ठेवायचं असेल तर दीड तासातला पाऊण तास मांडामांडीतच जातो.

सुरुवात शर्यतीच्या प्रकारापासून करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावरून ठरतं. सगळ्यात आधी रेषा ओलांडणारा जिंकतो अशी शर्यत निवडलीत, तर मुलांचं सगळं लक्ष मोटरच्या ताकदीकडे जातं, आणि ताकद विकत मिळते. ठरलेल्या बॅटरीत, ठरलेल्या वेळात जो जास्त अंतर कापेल तो जिंकतो अशी शर्यत असेल, तर विकत घेण्यासारखं फारसं काही उरत नाही. उरतो तो विचार. ब्रिटनमध्ये ग्रीनपॉवर नावाची संस्था १९९९ पासून शाळांसाठी अशाच शर्यती भरवते. सगळ्या संघांना सारखीच २४ व्होल्टची मोटर आणि सारख्याच बॅटऱ्या, आणि दिलेल्या वेळात सर्वांत लांब जाणारा पहिला. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण यात गाडीच्या प्रत्येक भागाला किंमत येते. चाकात हवा किती, चेन किती ताणलेली, ड्रायव्हरचं डोकं किती वर येतं, वळणाआधी पाय कधी उचलला, सगळ्याचा हिशोब शेवटच्या दहा मिनिटांत समोर येतो.

मोठ्या शर्यतीतही हेच आहे, हे मुलांना जरूर सांगा. फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची जागतिक शर्यतमालिका सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला सुरू झाली. पहिले चार हंगाम एका गाडीची बॅटरी पूर्ण शर्यत पुरत नव्हती, म्हणून ड्रायव्हर मध्येच एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसायचे. २०१८-१९ च्या हंगामापासून एकाच गाडीत शर्यत पूर्ण होऊ लागली. हे ऐकलं की मुलांच्या डोळ्यांसमोरचं इंजिनिअरिंग बदलतं. आपल्याला पडलेला प्रश्न जगातल्या उत्तम इंजिनिअरांनाही पडला होता आणि त्यांनी तो काही वर्षं घेऊन सोडवला, हे कळणं त्या वयात फार मोठं असतं.

आता हिशोब. फळ्यावर तुम्ही मांडू नका, मुलांना मांडू द्या. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकी ३६ अँपिअर-तास. जोडल्या की २४ व्होल्ट, म्हणजे कागदावर ८६४ वॅट-तास. दीड तासाला वाटले तर सरासरी ५७६ वॅट वापरता येतील. मग गाडी दीड तासाच्या आधीच का थांबते? लेड-ॲसिड बॅटरीवरचा ३६ हा आकडा सहसा ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच मिळतो. भराभर ओढली तर ती कमी देते. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ साली याचं सूत्र मांडलं होतं. मुलं हे सूत्र पुस्तकातून शिकली तर परीक्षेनंतर विसरतात. आपली गाडी ७४ व्या मिनिटाला थांबल्यावर शिकली तर विसरत नाहीत.

दुसरा हिशोब वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून तो कापायला लागणारी शक्ती घनानं वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवला की हवेसाठी जवळपास ३३ टक्के जास्त शक्ती. माझ्या संघातल्या एका मुलाला बीजगणिताचा मनापासून कंटाळा होता. हा हिशोब त्यानं पाच वेळा करून पाहिला, कारण त्याला विश्वासच बसेना. मग मागच्या स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चाकाचे) दात ६० ऐवजी ६४ करायचा प्रस्ताव त्यानंच मांडला. पुढचं स्प्रॉकेट २० दातांचं, मोटर मिनिटाला १८०० फेऱ्यांची, चाक ४० सेंटिमीटर व्यासाचं. ६० दातांना वेग ताशी ४५ किलोमीटर येत होता, ६४ ला ४२ च्या आसपास. ‘हळू जाऊन जिंकायचं?’ म्हणून सगळे त्याच्या अंगावर आले. त्यानं वही पुढे केली. चाचणीत दोन्ही जोड्या लावून बघितल्या, आणि त्याची गाडी शेवटपर्यंत चालली. आपण मांडलेल्या गणितावर पंचवीस जणांनी विश्वास ठेवला आणि ते खरं निघालं, हा अनुभव चौदाव्या वर्षी फार कमी मुलांना मिळतो.

पण मुलं इंजिनिअरिंगकडे खरोखर कधी वळतात असं विचाराल, तर माझं उत्तर शर्यतीचा दिवस हे नाही. शर्यतीचा दिवस त्यांना खेचून आणतो. वळतात ती दोन शर्यतींच्या मधल्या आठवड्यांत, बिघाड सापडतो त्या क्षणाला. एक प्रसंग सविस्तर सांगतो.

आमची एक गाडी विसाव्या मिनिटानंतर मंदावायची. सुरुवातीचे लॅप छान, मग दर लॅपला एक-दोन सेकंद जास्त. सगळ्यांचा निकाल एकच: बॅटरी गेली, नवी आणा. त्या संघात एक मुलगी होती. ती लॅपच्या वेळा टिपायची, गाडीला हात लावायची नाही. तिनं विचारलं, ‘बॅटरी गेली असेल तर रात्रभर चार्ज करून दुसऱ्या दिवशीही पहिले वीस मिनिटं बरोबर कशी धावते?’ मी तिच्या हातात मल्टिमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजायचं यंत्र) दिला आणि म्हटलं, शोध. गाडी वीस मिनिटं पळवून आणली, मागची चाकं स्टँडवर उचलली, ड्रायव्हरनं ब्रेक हलका दाबून धरला, म्हणजे मोटरवर भार येऊन ३० अँपिअर प्रवाह वाहत राहील. मी मेन स्विचवर हात ठेवून उभा होतो. तिनं मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर टेकवलं, दुसरं त्यावरच्या लगवर, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर. जोड चांगला असेल तर या दोन टोकांत फरक जवळपास नसतो. ०.०२ व्होल्ट. फ्यूजच्या दोन टोकांवर ०.०४. स्विचवर ०.०५. एकेक आकडा ती मोठ्यानं वाचत होती, दुसरा मुलगा लिहीत होता. कंट्रोलरला (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्राला) जाणाऱ्या केबलच्या लगवर आली आणि थांबली. ०.९.

मग तिनं स्वतःच गुणाकार केला. ०.९ गुणिले ३०, म्हणजे २७ वॅट. आमच्या टेबलावर सोल्डरिंगचं जे आयर्न होतं ते २५ वॅटचं. एवढी उष्णता त्या एका जोडात तयार होत होती. केबलवरची नळी कापली तर आतली तार काळपट पडलेली, लगचं क्रिम्पिंग, म्हणजे तारेवर दाबून बसवणं, ढिलं. जोड थंड असेपर्यंत ठीक, तापला की रोध वाढायचा, रोध वाढला की आणखी तापायचा. तिनं नवी लग लावली, पक्कडीचा दांडा दोन्ही हातांनी दाबून क्रिम्प केली, ओढून पाहिली आणि पुन्हा मोजलं. ०.०३. त्यानंतर ती लॅपच्या वेळा टिपायला परत गेली नाही. आज ती कुठे आहे हे सांगायचा मोह होतोय, पण तो तिचा खासगी भाग आहे. तो आकडा वाचताना तिचा आवाज बदलला होता, एवढंच सांगतो. त्या आवाजासाठीच आपण हे सगळं करतो.

याच्या उलटही घडलंय, आणि ती चूक माझी होती. सुरुवातीच्या वर्षांत एका शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी चेन सारखी उतरत होती. एक मुलगा तासभर स्प्रॉकेट सरळ रेषेत आणायचा प्रयत्न करत होता. वेळ संपत आली म्हणून मी त्याच्या हातातून पाना घेतला आणि दहा मिनिटांत ते करून टाकलं. गाडी दुसऱ्या दिवशी उत्तम धावली. तो मुलगा पुढच्या आठवड्यात आला नाही, नंतरही नाही. त्याला त्या दिवशी काय कळलं असेल याचा मी खूप विचार केलाय. आपल्याला जमत नाही आणि वेळ आली की ज्याला जमतं तो पुढे येतो, हेच कळलं असणार. चेन उतरली असती, गाडी पाचव्या लॅपला थांबली असती, तरी चाललं असतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मोठ्या माणसाची जागा मेन स्विचपाशी, पान्यापाशी नाही. धोका असेल तिथे क्षणात थांबवायचं, बाकी हात मागे.

बावीस मुलांचं काय, याकडे येतो. कामं वाटून द्या असं सगळे सांगतात. मी सांगेन, वाटा, पण दर तीन आठवड्यांनी फिरवा. नाहीतर चुणचुणीत मुलं यंत्र घेतात आणि मुलींच्या वाट्याला रंग, फलक, हिशोबाची वही येते. हे कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं, म्हणून मुद्दाम थांबवावं लागतं. आमच्याकडे हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं तीन गोष्टी एकट्यानं करून दाखवायच्या असतात: चेन काढून परत चढवणं, मल्टिमीटरनं बॅटरीचं व्होल्टेज मोजणं, आणि एका केबलला लग क्रिम्प करणं. ज्याला चालवायचंय त्यालाही, आणि ज्याला फक्त लॅपच्या वेळा टिपायच्यात त्यालाही. हे एकदा हातून झालं की ‘हे आपलं काम नाही’ म्हणायची सोय उरत नाही.

ड्रायव्हरची जागा बक्षीस म्हणून देऊ नका. हे माझं ठाम मत आहे आणि यावर माझ्याशी वाद घालणारे अनुभवी लोक आहेत. जागा बक्षीस ठरली की बाकी सगळं काम ती मिळेपर्यंतची शिक्षा होतं. शक्य असेल तर प्रत्येकाला सरावात चालवू द्या, शर्यतीत दोन-तीन ड्रायव्हर बदला. आणि ज्यांना बसायचं नाही त्यांना आग्रह करू नका.

आता तुमचे तीन प्रश्न. किट की स्वतः बांधणं: पहिल्या वर्षी किट घ्या. चौकट, स्टीअरिंग आणि ब्रेक या तीन गोष्टींत चुकायला जागा नाही, आणि वेल्डिंग येणारा माणूस कायम बरोबर नसेल तर वर्ष त्यातच जातं. पण किट सूचनांप्रमाणे जोडून थांबलात तर ते मोठं खेळणं झालं. सीट, बाहेरचं कवच, गिअरिंग, वायरिंगची मांडणी, मोजमापाची उपकरणं हे मुलांसाठी मोकळं ठेवा. दुसऱ्या वर्षी आणखी मोकळं करा. कार्ट हा प्रकारच मुळात जुळवाजुळवीतून आलाय. आर्ट इंगल्स यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली कार्ट बांधली ती गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून.

मोटर: या वयाला लहान घ्या. नियमांनी ठरवून दिली असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आधी ट्रॅक, वजन आणि बॅटरीवरून सरासरी किती वॅट परवडतात हे मुलांना काढू द्या, आणि मग मोटर निवडा. बहुतेक संघ उलटं करतात. इलेक्ट्रिक मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे थोडीशी मोठी मोटरही नवख्या ड्रायव्हरला फार होते. कंट्रोलरमध्ये प्रवाहाची मर्यादा घालता येत असेल तर पहिल्या महिन्यात ती निम्म्यावर ठेवा.

बॅटरी: पहिल्या वर्षी लेड-ॲसिड. जड आहे, कमी देते, पण चुका सहन करते आणि तिच्यातून शिकायला भरपूर मिळतं. लिथियमकडे जाल तेव्हा लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, तोही तयार पॅक, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमसह (सेलवर लक्ष ठेवून धोका दिसला की प्रवाह तोडणारं सर्किट). सुटे सेल आणून मुलांकडून पॅक बांधून घेऊ नका. हे मी कुणालाही, कितीही हुशार संघ असला तरी करू देत नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण ‘२४ व्होल्ट म्हणजे काही होत नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. शॉक बसणार नाही हे खरं. पण बॅटरीच्या दोन खांबांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो आणि वितळलेल्या धातूच्या ठिणग्या उडतात. म्हणून अंगठ्या, कडी, घड्याळं काढून ठेवायची. पान्यांच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळायची. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका. बाहेरचा माणूसही दाबू शकेल असा लाल मेन स्विच. चेनवर झाकण, लांब केस हेल्मेटच्या आत. चार्जिंग कुणी जवळ असतानाच, आणि लेड-ॲसिड असेल तर खिडक्या उघड्या ठेवून, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. ही यादी तुम्ही भिंतीवर लावू नका. प्रत्येक नियम एका मुलाला द्या आणि त्यामागचं कारण बाकीच्यांना समजावून सांगायला लावा. कारण माहीत असलेला नियम मुलं आपणहून पाळतात.

करिअरबद्दल. ‘या उपक्रमातून इतकी मुलं इंजिनिअर झाली’ असं सांगणाऱ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. येणारी मुलं आधीच ओढ असलेली असतात, त्यामुळे तो आकडा फुगतो. मी वेगळं मोजतो: सुरुवातीला कडेला उभं असलेल्यांपैकी किती जण हंगामाच्या शेवटी गाडीपाशी आहेत. आणि आणखी एक काम करतो, ज्याला वेळ जवळपास लागत नाही. मुलानं एखादी गोष्ट केली की तिचं नाव सांगतो. तू आत्ता जे केलंस ते काम दिवसभर करणारी माणसं असतात, त्यांना टेस्ट इंजिनिअर म्हणतात. तू जे कवच घासलंस ते एरोडायनॅमिक्स, म्हणजे हवेच्या विरोधाचं शास्त्र. तुझं क्रिम्पिंग बघून वायरिंग हार्नेस (गाडीतल्या तारांचं बांधलेलं जुडगं) बनवणारा कुणीही खूश होईल. डिग्रीची वाट तेवढी सांगू नका, डिप्लोमाची, तंत्रज्ञाची, वेल्डरची, मशीनिस्टची वाटही त्याच आदरानं सांगा. कितीतरी मुलांना इंजिनिअर म्हणजे गणितात पहिला येणारा एवढंच माहीत असतं. जमल्यास नुकताच कामाला लागलेला एखादा तरुण किंवा तरुणी बोलवा, भाषणाला नव्हे, एक संध्याकाळ गाडीवर काम करायला.

पहिल्या दिवशी काय करू, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. एखादी साधी कार्ट एका दिवसासाठी मागून आणा, मोटर नसली तरी चालेल, फक्त मागचा अक्ष सलग हवा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतात अशी. एका मुलाला सीटवर बसवा. मागच्या डाव्या चाकाखाली वहीचा कागद सरकवा आणि स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवायला सांगा. ते चाक उचललं जाईल, किंवा इतकं हलकं होईल की कागद अलगद ओढून काढता येईल. कुणी गाडीला हात लावलेला नाही, जॅक नाही, फक्त पुढची चाकं वळली. मग विचारा, वळताना मागचं आतलं चाक उचलायची या गाडीला गरज का पडत असेल. जे उत्तर देतील त्यांना फळ्यावर चित्र काढायला लावा, चुकीचं असलं तरी पुसू नका. तुम्ही उत्तर सांगू नका. चित्रं तशीच ठेवा आणि कार्ट एक दिवस जास्त ठेवता आली तर ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी काही जण वेळेआधी येतील.